मोठ्या आईचा राब

रोहिणी, जरा जवळ सरक बाई. कागदावरून मारलेली हाक असली म्हणून काय झालं, हाक ती हाकच. मागच्या दिवाळीला आलीस ती अंगणातच चपलांसकट उभी राहून चहा प्यालीस, आणि "आत्या, निघते गं, घाटात अंधार होईल" म्हणत गाडीत जाऊन बसलीस. गंगापूर रोडवरून इकडे पेठकडे यायला जेवढा वेळ लागतो तेवढासुद्धा तू माझ्याजवळ बसली नाहीस. आणि जाता जाता काच खाली करून विचारलंस काय, तर "माझी आजी म्हणे लय भांडकुदळ होती, खरं का गं?" हा काय गाडीच्या काचेतून विचारायचा प्रश्न झाला? गाडी वळणाआड गेली आणि मी रिकामा कप घेऊन तशीच उभी. भांडकुदळ होती, खोटं कशाला बोलू. पण आजीबद्दल नातीला एवढंच ठाऊक असावं, हे मला सोसवलं नाही, म्हणून लिहायला बसले. माझं शुद्धलेखन बघू नकोस. चौथीनंतर मी शाळा पाहिली नाही. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, तेव्हा जिथं पुडी फाटली होती तिथं माझं शिक्षणही फाटलेलंच आहे.

तुझी आजी भागाबाई म्हणजे माझी मोठी आई, माझ्या बाच्या थोरल्या भावाची बायको. आमची दोन्ही घरं एकाच पाड्यावर. तिचं खाली, वाटेच्या कडेला. आमचं अगदी वर, डोंगराच्या पायाशी, पाड्यातलं शेवटचं. आमच्या घराच्या मागच्या भिंतीपासून मोठ्या आईचं उताराचं शेत सुरू व्हायचं आणि ते संपलं की थेट रान. भिंत म्हणजे तुझ्या डोक्यात येईल तशी नाही. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण, वर गवताचं छप्पर. रात्री वारा सुटला की छप्पर कुसकुसायचं आणि आई म्हणायची, "झोप, घर बोलतंय." घरात सामान असं नव्हतंच. एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात शेळ्या, आणि मधोमध आमची कणगी. बांबूच्या बेळांनी विणलेली, शेणानं सारवलेली, माझ्या डोक्याहून उंच. त्यात पुढच्या सालाचं बी, तळाशी नागली, म्हणजे तुमची नाचणी, आणि वर कापडात बांधलेलं भात. ही कणगी बानं घरातच बसून विणली होती. विणून झाल्यावर कळलं की ती दारातून बाहेर निघत नाही. आई त्यावरून त्याला लग्नकार्यातसुद्धा टोमणे मारायची. "आमचे हे हुशार. आधी कणगी केली, आता दार मोठं करतील."

त्या साली पावसानं दुसऱ्यांदा तोंड फिरवलं होतं. ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याला आम्ही वाटीनं पाणी भरायचो. एकीनं वाटी धरायची, दुसरीनं हंडा, आणि मधल्या वेळात पाड्यावरच्या सगळ्या बातम्या ऐकून व्हायच्या. सकाळी नागलीची पेज, इतकी पातळ की वाटीत आपलं तोंड दिसावं. संध्याकाळी भाकर असली तर खुरासणीची चटणी. पोट भरत नव्हतं, पण आईनं कणगीला हात लावला नाही. "बी खाल्लं की माणूस दोनदा मरतो," म्हणायची. बाप्ये सगळे कामाला खाली गेलेले. माझा बा आणि तुझा आजा चांदवडकडे कांदा काढायला गेले होते. पाड्यावर उरलो आम्ही बायका, पोरं, आणि लहानूबाबा. लहानूबाबा म्हणजे पाड्यावरचे सगळ्यांत जुने. त्यांच्या पायांनी काम सोडलं होतं, पण जिभेनं सोडलं नव्हतं.

आता राब म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं तुला उमजायचं नाही. आमच्याकडे भाताची, नागलीची रोपं करायची तर आधी जमीन भाजतात. हिवाळाभर शेण वाळवायचं, झाडांच्या फांद्या छाटायच्या, पाला गोळा करायचा, आणि वाफ्यावर थर द्यायचा. खाली शेण, वर फांद्या, वर पाला-गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती. हा राब. उन्हाळ्याच्या शेवटी तो पेटवायचा, राख जमिनीत मुरते, तण मरतं, आणि रोप असं काळंभोर उठतं की बघत राहावं. पण पेटवायचा तो वाऱ्याच्या उलट अंगानं. वारा जिकडे चालला त्या टोकाला काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याकडे तोंड करून रांगत रांगत जाते, पळत नाही. आणि एक रीत होती. लहानूबाबांनी गावदेवाला नारळ फोडल्याशिवाय पाड्यावर कुणी राबाला काडी लावायची नाही. कुणी लावली तर त्या घरी वर्षभर कुणी पाणी पीत नसे. मला तेव्हा वाटायचं देव रागावतो. आता वाटतं, ज्यानं त्यानं मनाला येईल तेव्हा पेटवू नये म्हणूनच जुन्यांनी तो नारळ मध्ये ठेवला असेल.

तर या राबापायीच माझी आई आणि तुझी आजी बोलत नव्हत्या. दोघींच्या बांधावर एक ऐनाचं झाड होतं. राबाला ऐनाच्या फांद्या चांगल्या, त्यामुळे दोघी म्हणायच्या झाड माझं. त्या हिवाळ्यात मोठ्या आईनं पहाटेच चढून अख्खं झाड खरवडून काढलं आणि सगळ्या फांद्या आपल्या राबावर, म्हणजे नेमक्या आमच्या घरामागं, नेऊन घातल्या. झालं. त्या दिवसापासून अबोला. पण बोलल्याशिवाय दोघींचंही चालायचं नाही, म्हणून मला मध्ये उभी करायच्या. झिऱ्यावर एका हाताच्या अंतरावर बसून मोठी आई म्हणायची, "यमुने, तुझ्या आईला सांग, तिची शेळी माझ्या कुंपणात तोंड घालते." आई हंडा घासता घासता म्हणायची, "यमुने, तुझ्या मोठ्या आईला सांग, कुंपणाला काटे लाव. झाडं तोडायला येतात, काटे तोडायला येत नाहीत?" मी दोघींच्या तोंडाकडे बघत बसायची. निरोप पोचवायची गरजच नसायची, पण मी नाही पोचवला तर दोघी मिळून मलाच ओरडायच्या.

मोहाची फुलं पडायला लागली की आम्हाला पहाटे उठवायला कोंबडा लागत नसे. टप, टप, टप, रानात फुलं पडायचा आवाज अंथरुणात ऐकू यायचा. दुष्काळात तर मोह म्हणजे आईच. फुलं उकडून खा, वाळवून ठेवा, भाकरीत घाला. पण झाडाखाली पाल्याचा थर असला की फूल पाल्यात शिरतं आणि सापडत नाही. म्हणून सगळ्या बायका आपापल्या मोहाखालचा पाला जाळून बुंध्याभोवती अंगण करतात. माझ्या आईनंही त्या सकाळी तेच केलं. पाला गोलात ओढून घेतला, काडी लावली, जांभळाचा डहाळा घेऊन कडेकडेनं आग झोडून विझवली, पायानं दाबून बघितली. मी तिच्याबरोबर होते. तिनं कसर ठेवली नव्हती. पण जवळच एक जुनं पडलेलं खोड होतं, आतून पोकळ. त्याच्या पोटात एक ठिणगी गेली असणार, आणि ओल कुठेच नसल्यामुळे ती आतल्या आत खात बसली. दर साली असल्या खोडाच्या आत दव असायचं. त्या साली दवसुद्धा पडलं नव्हतं, हे आईच्या हाताला माहीत नव्हतं. हात जुन्या सालांच्याच सवयीनं चालला.

दुपारी आई चुलीपुढं होती, मी ओट्यावर तुझ्या बापाला खेळवत होते. हो, तुझा बाप तेव्हा नुकता धरून धरून उभा राहायला लागला होता. दोघी जावा बोलत नव्हत्या, पण पोरगं आमच्याच घरी असायचं, त्याला अबोला लागू नव्हता. आधी मला आवाज आला. लग्नात फटाक्यांची माळ लावतात तसा, पण लांब. कारवी पेटली की पेरापेरानं फुटते, त्याचा तो आवाज. मग शेळ्या दावं ओढायला लागल्या. मागे जाऊन बघते तर डोंगराच्या खांद्यावर धूर नव्हता, सरळ आगच होती, आणि ती उतरत होती. उन्हात ज्वाळ दिसत नाही गं, नुसती हवा थरथरते आणि गवत पुढ्यातून काळं होत येतं. वारा तिच्या पाठीशी होता. एका झुडपातून दुसऱ्या झुडपात ती उडी मारायची. मी "आई!" म्हणून ओरडले ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

आई बाहेर आली, तिनं डोंगराकडे बघितलं, मोहाच्या बाजूला बघितलं, आणि तिला कळलं. तिचा चेहरा मी आजही विसरले नाही. मागे वळली आणि घरात शिरली. मी पोराला काखेत मारून ओढ्याच्या कोरड्या पात्राकडे पळाले, कारण तिथं जळायला काही नव्हतं. दावी तोडून शेळ्या मागोमाग. खालून पाड्यावरच्या बायका कोयते, डहाळे, ओली गोणपाटं घेऊन धावत येत होत्या. ओली म्हणजे काय, पिण्याच्या हंड्यात बुडवलेली. त्या दिवशी पाड्यानं आपलं दोन दिवसांचं पाणी त्या गोणपाटांना पाजलं. पण आई बाहेर येईना. नंतर कळलं, ती कणगीत वाकून ओंजळी ओंजळीनं बी पदरात भरत होती, आणि भरलेल्या पदरानं उठायला जावं तर अर्धं सांडत होतं.

सगळ्यांच्या पुढं मोठी आई होती. तिनं वर बघितलं, मग आपल्या राबाकडे बघितलं. वाळलेलं शेण, वाळलेला ऐन, आणि त्याला चिकटून आमचं गवताचं छप्पर. वणवा त्या राबाला वरून वाऱ्यासकट भिडला असता तर पुढचं सांगायला नको. ओढून काढायला वेळ नव्हता. ती आमच्या दाराशी आली आणि हिवाळ्यापासून पहिल्यांदा माझ्या आईशी सरळ बोलली. "राही! भाईर ये!"

आतून आई म्हणाली, "बी हाय बाई, बी."

"बी गेलं चुलीत! तू जळालीस तर मी भांडू कुणाशी? भाईर ये, अन् मला विस्तू दे!"

आई पदर सोडून उभी राहिली. दोघींना एकमेकींच्या मनातलं कसं कळलं, देव जाणे. आईनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि तिच्या हातात दिलं. तेवढ्यात लहानूबाबा काठी टेकत वाटेवरून ओरडले, "ए भागा! नारळ नाय फोडला अजून!" सगळ्या बायका थांबल्या. खरं सांगते, वर आग उतरतेय आणि बायका थांबल्या. रीत अशी असते. मोठ्या आईनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "बाबा, देवाला म्हणावं घर ऱ्हायलं तर दोन फोडते!" लहानूबाबा वाटेतच खाली बसले. काठी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "पेटव पेटव. देवाला मी समजावतो. तुला समजावणं माझ्या बाच्यानं झालं नसतं."

आमच्या मागच्या भिंतीलगतचं गवत बायकांनी कोयत्यानं हातभर ओरबाडून काढलं, माती उघडी केली. मोठ्या आईनं राबाच्या खालच्या कडेला, घराकडच्या अंगाला, लाकूड टेकवत टेकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत नेलं. राब धरला. धूर उठला, आधी पांढरा, मग पिवळा, आणि आग वाऱ्याच्या विरुद्ध, डोंगराकडे तोंड करून, हळूहळू चढायला लागली. बायका छपराखाली ओळीनं उभ्या. ठिणगी उडाली की झोड, उडाली की झोड. आई आणि मोठी आई शेजारी शेजारी, दोघींच्या हातात एकाच गोणपाटाची दोन टोकं. "तिकडं बघ!" "बघितलं, मला डोळे हायेत!" "मग मार की!" म्हणजे अबोला संपला तो असा, थेट भांडणानंच.

वरची आग आणि खालची आग शेताच्या वरच्या कडेला भेटल्या. एकदम मोठी ज्वाळ उठली, माणसाच्या दुप्पट, आणि मी ओढ्यातून बघितलं की ती तिथंच उभी राहिली. पुढं खायला काही नव्हतं. एखादा दांडगा बैल दावणीला येऊन अचानक बसावा तशी बसली. मग दुसऱ्या बाजूनं ती करवंदीच्या जाळ्यांकडे वळली, पण तोवर पलीकडच्या पाड्यावरून बायका आणि दोन-चार म्हातारे आले होते, पाठोपाठ फॉरेस्टचा वॉचर आला. सगळ्यांनी मिळून रानातून ओढ्यापर्यंत पाला झाडून एक स्वच्छ पट्टी काढली. शेजारच्या पाड्याची एक बाई झाडता झाडता म्हणाली, "एवढं तर मी माझं घरबी झाडत नाय." सगळ्या हसल्या. डोळ्यातून पाणी, तोंड काळं, आणि हसल्या. दिवस बुडायच्या आत वणवा पट्टीच्या आत कोंडला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई एकटी मोहाखाली गेली आणि त्या पोकळ खोडात माती भरत बसली, भरून झाल्यावरही बराच वेळ भरत बसली.

घर उरलं. कणगी उरली. आईनं जमिनीवर सांडलेलं बी पोरांना लावून दाणा दाणा वेचून घेतलं. पण मोठ्या आईच्या शेताकडे बघवत नव्हतं. वेळेआधी भाजलेला राब, वर पावसाचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि हिवाळाभराची राख आमच्या डोळ्यांसमोर उडून गेली. जमीन नुसती भाजकी विटेसारखी राहिली. राबाशिवाय रोप नाही, रोपाशिवाय वर्ष नाही. आणि रानात पाला तर उरलाच नव्हता. मोठी आई बांधावर उभी राहून ते बघत होती. वणवा कुणाच्या काडीनं लागला हे पाड्यावर सगळ्यांना कळलं होतं. तिनं एवढंच म्हटलं असतं की राही, हे तुझ्यामुळं, तरी कुणी तिला चुकीचं म्हटलं नसतं. भांडायची एवढी सोन्यासारखी संधी चालून आली होती, आणि तुझी भांडकुदळ आजी तेव्हाही बोलली नाही, नंतरही कधी बोलली नाही.

आईनंही माफी मागितली नाही. आमच्यात तसं बोलायची पद्धत नव्हती. उजाडताच तिनं पाटी घेतली, ओढ्यापलीकडच्या आमच्या राबावर गेली, आणि त्याचे थर उकलायला लागली. शेण वेगळं, फांद्या वेगळ्या. पाटी भरली की डोक्यावर घ्यायची, चढ चढायचा, आणि मोठ्या आईच्या वाफ्यावर ओतायची. मी मागून छोटी टोपली घेऊन. दुपारपर्यंत आमचा निम्मा राब तिच्या शेतात आला होता. मग बघते तर वाटेनं एक बाई डोक्यावर पाटी घेऊन येतेय, तिच्या मागं दुसरी. प्रत्येकीनं आपापल्या राबातलं काढून आणलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं. लहानूबाबांच्या सुनेनं तर गोठ्यातलं ओलं शेणसुद्धा आणलं. मोठी आई घरातून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गं, मी मेले का? ओळीनं आल्यात सगळ्या." पाटी ओतायची आणि परत फिरायची. शेवटी ती मटकन बांधावर बसली, पदर तोंडाला लावला. माझी आई तिच्याजवळ गेली. मला वाटलं आता गळ्यात पडणार. आई म्हणाली, "बाई, थर नीट देता का तुम्ही उठून, का तेबी मीच करू?"

तो राब पुन्हा भाजला, या वेळी नारळ फोडून. दोन नारळ, कबूल केलेले. रोपं सगळ्यांचीच त्या साली विरळ आली, कारण प्रत्येकीचा राब थोडा थोडा कमी झालेला. पण आली सगळ्यांची. एकाही घराच्या वाफ्यात काही उगवलं नाही, असं झालं नाही. आणि भांडण मिटलं असं समजू नकोस हं. पुढच्या हिवाळ्यात ऐनावरून दोघींचा असा खटका उडाला की ओढ्यापलीकडे ऐकू गेला. फक्त मला मध्ये उभं राहावं लागलं नाही.

हल्ली आमच्याकडे राब भाजणारे कमी झाले. फॉरेस्टची पोरं पाठीवर पाला उडवायची मशिनं घेऊन जाळपट्टे काढतात, यंदाही काढले, कारण यंदाही पाऊस कमीच. माझ्या मुलाचं घर स्लॅबचं आहे. आमच्याकडे वणवा उतरला तरी आता भिंत पेटायची नाही. तरी उन्हाळ्यात दुपारचा वारा सुटला की मी मागच्या दारी जाऊन डोंगराकडे बघून येते. सून हसते. हसू दे. मी तेव्हा आगच बघते असं नाही. हातात जळतं लाकूड घेऊन आपल्याच हिवाळ्याला काडी लावत चाललेली ती ठेंगणी बाई मला दिसते.

आई गेली, मोठी आई गेली. दोघींपैकी कुणी कधी आभाराचा शब्द काढला नाही, आणि मीही मोठ्या आईपुढं कधी काढला नाही. ती असताना सुचलं नाही, सुचलं तेव्हा ती नव्हती. त्या कणगीतलं बी आम्ही पेरलं, त्याचं खाल्लं, त्यातलंच पुन्हा राखलं, त्यावर माझं लग्न झालं, माझी पोरं वाढली. हे सगळं कागदावर उतरवणं सोपं गेलं, पण तेवढ्यानं माझं मन भरत नाही. मला ते तोंडानं बोलायचंय, आणि समोर ऐकायला तिच्या रक्ताचं माणूस पाहिजे. तुझ्या बापाला सांगायला गेले तर तो "बरं बरं ताई" म्हणून विषय बदलतो, त्याच्या डोळ्यात पाणी येतं म्हणून. उरलीस तू. तेव्हा या येत्या रविवारी ये, नाहीतर पुढच्या, पण फार लांबवू नकोस. माझे गुडघे बोलायला लागलेत. सकाळी निघ, घाट उजेडात लागेल. आणि या वेळी मुक्कामालाच ये.